पार्श्वभूमी : अद्भुत कादंबरी लिहिणाऱ्याचा दिवस आणि पुस्तकापर्यंतची वाट

ठाणे, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या पट्ट्यात मराठीतून अद्भुत कादंबरी, म्हणजे फँटसी, लिहिणारी मंडळी आता सहज भेटतात. नोकरी आयटीत, बँकेत नाहीतर शाळेत, आणि लिखाण पहाटे, लोकलमध्ये किंवा रविवारी दुपारी. त्यांच्यात सध्या एकाच गोष्टीवरून सर्वांत जास्त वाद होतो : हस्तलिखित तयार झाल्यावर आधी ध्वनिपुस्तक होऊ द्यायचं की छापील पुस्तकासाठी थांबायचं. हा वाद वरवर पैशांचा दिसतो, पण त्याची मुळं बरीच मागे जातात.

मराठी कादंबरी लहान होती तेव्हा अद्भुत तिच्या अंगणातच खेळत होतं. ‘मुक्तामाला’ १८६१ ची, ‘मंजुघोषा’ १८६८ ची. योगायोग, संकटं, राजपुत्र, चमत्कार हे सगळं तेव्हाच्या वाचकाला हवंच होतं आणि अरबी सुरस गोष्टींच्या मराठी अवतारानेही ती भूक वाढवली होती. १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक निघालं आणि क्रमशः येणाऱ्या सामाजिक, ऐतिहासिक कादंबरीने घराघरांत जागा पटकावली. तिथून पुढे समीक्षेच्या लेखी गंभीर कादंबरी म्हणजे वास्तवाची कादंबरी, आणि अद्भुताने मुलांच्या खोलीत किंवा रहस्य-भयकथांच्या फळीवर बसायचं, अशी वाटणी पक्की झाली. माझ्या मते ही वाटणी अन्यायाची होती. तिचे परिणाम आजही भोगावे लागतात, कारण प्रकाशकाला पहिला प्रश्न अजून तोच पडतो : हे मोठ्यांचं आहे की मुलांचं?

ठाण्यात वाचनाची परंपरा जुनी आहे. इथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. पुढे १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू झाली आणि कथा लिहिणाऱ्याला वर्षातून एकदा का होईना, मोठा वाचक मिळू लागला. स्वातंत्र्यानंतर तर गूढ, अद्भुत, भय यांसाठी जवळजवळ वाहिलेली मासिकं निघाली. अद्भुत लिहिणारे कित्येक जण तिथेच घडले, पण घडले ते कथाकार म्हणून. पाच-सहा हजार शब्दांत जग उभं करायचं आणि मोडायचं. चारशे पानं एकाच कल्पित राज्यात राहायची सवय ना लेखकाला लागली, ना संपादकाला.

खरं तर या भूमीत कच्च्या मालाची टंचाई कधीच नव्हती. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी ठाणे, म्हणजे तेव्हाचं श्रीस्थानक. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना अरिकेसरी राजाचा इ.स. १०१७ चा ताम्रपट सापडला. हे राजे स्वतःला जीमूतवाहन विद्याधराचे वंशज म्हणवत. नागाचा जीव वाचावा म्हणून वधशिलेवर गरुडापुढे स्वतःचा देह ठेवणारा तो जीमूतवाहन. दानपत्र मोडणाऱ्याला शाप देणारे कोरीव दगड, म्हणजे गधेगाळ, कोकणात जागोजागी सापडतात, आणि आगरी-कोळी गावांत चेडा नि गिऱ्हा या भुतांच्या गोष्टी सांगणारी माणसं अजून हयात आहेत. एवढं सगळं पायाशी असताना आपल्या लेखकांनी वर्षानुवर्षं परक्या बर्फाळ राज्यांच्या नकला कराव्यात, याची खंत वाटते. अलीकडे ते बदलतंय. खाडीतला गिऱ्हा, पारसिकच्या डोंगरातली वाट, ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या तळाशी गेलेलं गाव अशा गोष्टी नव्या हस्तलिखितांत दिसू लागल्या आहेत.

१९६७ मध्ये राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला. अ, ब, क, ड वर्गांची मान्यता, अनुदान आणि त्यातून पुस्तकखरेदी अशी व्यवस्था बसली. मराठी प्रकाशनाचं गणित तेव्हापासून ग्रंथालयांच्या भरवशावर चालत आलं आहे. हजार प्रतींची आवृत्ती, त्यातल्या बऱ्याचशा ग्रंथालयांकडे. जोडीला ठाणे-डोंबिवलीकडची खासगी फिरती वाचनालयं. या गणितात अद्भुत कादंबरी दोन ठिकाणी अडायची. एक म्हणजे जाडी. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर ४८० पानांच्या पुस्तकाला तीस फर्मे लागतात, किंमत वाढते आणि तेवढ्याच पैशात ग्रंथपाल तीन बेताची पुस्तकं घेतो. दुसरं म्हणजे भाग. अद्भुत कादंबरीचा जीव तीन भागांत मावतो, पण ग्रंथालय पहिला घेतं, दुसरा निघेपर्यंत खरेदीचं वर्ष उलटतं आणि तिसऱ्याला कोणी विचारत नाही. म्हणून प्रकाशक म्हणायचे, एका पुस्तकात संपवा. ऐकलं नाही तर हस्तलिखित ‘साभार परत’. ऐकलं तर शेवटची साठ पानं धापा टाकत संपायची. त्या काळातली काही पुस्तकं वाचताना नेमकी कुठून कात्री लागली ते कळतं.

नवी मुंबईत हे सगळं उशिरा आलं. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, महापालिका १९९२ ची, आणि त्याच वर्षी वाशीपर्यंत लोकल पोहोचली. सिडकोच्या नोडमध्ये, म्हणजे आखीव उपनगरांत, राहायला आलेल्या पहिल्या पिढीला पाणी, बस आणि शाळा याच गोष्टी आधी मिळवायच्या होत्या. पण लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने माझ्या लेखी खरी महत्त्वाची तारीख १९ नोव्हेंबर २००४, ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला तो दिवस. साधारण अर्ध्या तासाचा प्रवास. सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळाली तर तुर्भ्यापर्यंत दीड-दोन पानं होतात, असं या गाडीने जाणारे बरेच लेखक सांगतात. आधी वही होती, मग लॅपटॉप आला, आणि मोबाइलवर मराठी टंकन सोपं झाल्यावर उभ्यानेसुद्धा लिखाण सुरू झालं. या पट्ट्यातल्या किती तरी कादंबऱ्यांची प्रकरणं जेमतेम हजार-बाराशे शब्दांची असतात, त्याचं कारण मला या प्रवासात दिसतं.

मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर प्रकाशकाकडे गेला की तिथे वेगळाच खेळ सुरू होतो. बहुतेक अक्षरजुळणीकार अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटवर काम करतात. युनिकोडमधला मजकूर त्या फाँटमध्ये उतरवताना काही अक्षरं मोडतात, आणि त्यात सर्वांत आधी बळी जातो तो ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ मधला अर्धा र. ऐरोलीच्या एका कादंबरीकाराच्या पुस्तकात पानोपानी गिऱ्हा होता. पहिली प्रुफं आली तेव्हा प्रत्येक ठिकाणी रफार चढून ‘गिर्हा’ झालेलं. दुसऱ्या फेरीत मुद्रितशोधकाने हा शब्द चुकलाय असं समजून काही ठिकाणी ‘गिऱ्हाईक’ केलं. त्याचा दोष नव्हता. कोशाबाहेरचे शब्द आणि बनवलेली नावं यांची यादी त्याच्या हातात कोणी दिलीच नव्हती. आता जाणते लेखक हस्तलिखितासोबत नावांची, जागांची आणि खास शब्दांची स्वतंत्र यादी जोडतात. नवीन लिहिणाऱ्यांनी ही सवय पहिल्या पुस्तकापासून लावून घ्यावी.

आता मूळ वादाकडे. २०१७ च्या अखेरीस वर्गणीवर चालणारी ध्वनिपुस्तकांची सेवा मराठीत आली आणि पाठोपाठ अशा आणखी सेवा आल्या. त्यांना लांबलचक, मालिकेसारखी, प्रत्येक भागाशेवटी उत्सुकता ताणणारी गोष्ट हवी होती. म्हणजे ग्रंथालयांच्या गणिताने जे नाकारलं होतं, नेमकं तेच. जाडीचा प्रश्न मिटला, भागांचा अडसर गेला. साहजिकच अद्भुत लिहिणारे तिकडे वळले. मानधन बहुधा एकरकमी, पण हातात लवकर पडणारं. छापील पुस्तकाचा हिशोब शेजारी ठेवून पाहू. हजार प्रती, चारशे रुपये किंमत आणि दहा टक्के मानधन धरलं तर सगळ्या प्रती खपल्यावर लेखकाला चाळीस हजार मिळणार, आणि त्या खपायला तीन-चार वर्षं सहज जाणार.

मग अडचण काय? अडचण करारात आहे, आणि इथे जरा थांबायला हवं. अनेक जुन्या मराठी करारांत ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढीच ओळ असे. ध्वनिसेवा आल्या तेव्हा काही प्रकाशकांनी याच ओळीच्या आधारे ध्वनिहक्क परस्पर दिले. लेखक म्हणाले, आम्ही पुस्तक छापायला दिलं होतं. प्रकाशक म्हणाले, सर्व म्हणजे सर्व. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याला तो करार लागू होत नाही. करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असला तर गोष्ट वेगळी. पण गाठ इथेच बसते. कथाकथनाच्या कॅसेट आणि सीडी आपल्याकडे कधीच्याच आहेत. म्हणून प्रकाशकांची बाजू मांडणारे म्हणतात की ध्वनी हे माध्यम जुनंच. लेखकांचं म्हणणं की दरमहा वर्गणी भरून मोबाइलवर ऐकणं हा वापराचा नवा प्रकार आहे, आणि कायदा माध्यमाबरोबर वापराच्या पद्धतीचाही विचार करतो.

मला लेखकांची बाजू पटते. एकाच ओळीत सगळं लिहून घेण्यामागे लेखकाला काही कळणार नाही हा हिशोब होता, असं मला वाटतं. दुसऱ्या बाजूलाही वजन आहे, हे मान्य करायला हवं. ज्या प्रकाशकाने कोणी विचारत नसताना पदरचे पैसे घालून अद्भुत कादंबरी काढली, त्याला पुढच्या कमाईत वाटा मिळावा ही अपेक्षा चुकीची नाही. वाटा किती, ते आधी लिहून ठरवलं की भांडण उरत नाही.

त्याच कायद्यातल्या आणखी तीन गोष्टी इथल्या लेखकांना फारच उशिरा कळल्या. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतात. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास, तो संपुष्टात येतो. हे माहीत नसल्यामुळे कपाटात अडकून राहिलेली हस्तलिखितं या पट्ट्यात कमी नसतील.

‘आधी ध्वनी’ या निर्णयाचा दुसरा परिणाम लिखाणावर झाला. नकाशा ऐकता येत नाही. कल्पित किनाऱ्याचा नकाशा, वंशावळ, तळटीप हे सगळं गळतं आणि त्यांचं काम संवादांवर पडतं. अभिवाचक नावं कशी उच्चारायची ते विचारतो, तेव्हा लेखकाच्या लक्षात येतं की आपल्या पाच पात्रांची नावं कानाला सारखीच लागतात. ऐकण्यासाठी लिहिलेली कादंबरी नंतर छापायला घेतली तर जागोजागी पुनरुक्ती टोचते, कारण ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही म्हणून ती मुद्दाम घातलेली असते. छापील आवृत्तीसाठी पुन्हा लिहायला बसणारे लेखक थोडे. ज्यांनी ते केलं त्यांची पुस्तकं वाचताना फरक कळतो, आणि म्हणूनच शक्य असेल तिथे छापील संहिता आधी पक्की करावी या मताचा मी आहे.

मधल्या काळात छपाईही बदलली. डिजिटल छपाईमुळे पन्नास-शंभर प्रती काढता येतात, त्यामुळे हजारांची अट सैल झाली. त्यातूनच स्वखर्चाने पुस्तक काढून देणाऱ्यांचा धंदा वाढला. लेखकाकडून पैसे घ्यायचे, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, मिळवून देण्याचे वेगळे लावायचे, आणि प्रती घरी पोहोचवून मोकळं व्हायचं. आपल्याकडे आयएसबीएन विनामूल्य मिळतो, लेखकालाही स्वतः अर्ज करता येतो. पहिल्या पुस्तकासाठी शासनाची नवलेखक अनुदान योजना आहे, पण तिथेही अद्भुताला स्वतंत्र रकाना नाही. कादंबरी म्हणून अर्ज करायचा आणि वास्तववादी हस्तलिखितांच्या रांगेत उभं राहायचं.

कादंबरीवर घर चालवणारे अजून फारच कमी. नोकरी सुटत नाही. दिवाळी अंकांसाठी उन्हाळ्यापासून कथा द्यायच्या, मधल्या वेळात ध्वनिमालिकेचे भाग आणि अनुवादाची कामं, आणि कादंबरी त्या फटीतून पुढे सरकते. एक मसुदा व्हायला दोन वर्षं, प्रुफं नि निर्मितीत आणखी एक. ठाणे-नवी मुंबईतले काही लेखक अलीकडे महिन्यातून एकदा जमून एकमेकांची हस्तलिखितं वाचतात आणि करारही. छापील, ध्वनी आणि अनुवाद यांचे तीन वेगळे कागद, प्रत्येकावर मुदत, आणि मुदत संपल्यावर हक्क लेखकाकडे परत, एवढं तरी मागायचं असं त्यांच्यात ठरलं आहे. दोन प्रकाशकांनी ते मान्य केलं. बाकीच्यांशी बोलणी सुरू आहेत.