पाळ, सांडवा आणि गाव: विदर्भातल्या लहान तलावांच्या पूरसुरक्षेची पार्श्वभूमी

पूर्व विदर्भातल्या एखाद्या लहान तलावाचे कागद काढले, तर उद्देश म्हणून ‘सिंचन’ लिहिलेलं असतं आणि पुढे हेक्टरचा आकडा असतो. पुराचा उल्लेख बहुधा नसतोच. पाळीखालच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाखालच्या, गावाला मात्र ऑगस्टमधल्या झडीच्या रात्री हेक्टरशी काही देणंघेणं नसतं. पाणी सांडव्यातून नीट जातंय का, एवढंच तिथे विचारलं जातं. हाच तलाव नाल्याचा लोंढा अडवून गावाला सांभाळतो, आणि देखभाल सुटली तर हाच गावावर येतो. हे तलाव कोणी बांधले, कोणी राखले आणि ते राखणं कधी सुटलं, हे पाहिल्याशिवाय आजची काळजी समजत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा प्रदेश धानाचा. वर्षाला साधारण १२०० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मध्येच पंधरा दिवस उघाड पडली की रोवणी वाळते. म्हणून पाणी धरून ठेवायची विद्या इथे लवकर रुजली. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत पाडली. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपुरातली तुकूम ही वस्ती आजही ते नाव सांभाळून आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात सगळ्यांत मोठा. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते.

या लोकांनी दोन टेकड्यांमधली जागा हेरून मातीची पार, म्हणजेच पाळ, घातली, पाणी सोडायला तुडूम ठेवलं आणि जादा पाणी जायला पारीच्या टोकाशी, घट्ट जमिनीवर, सलंग काढली. सलंग म्हणजे सांडवा. एका तलावाची सलंग वाहिली की पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या. एकेका ओढ्यावर अशी साखळी उभी राहिली. पुराचं पाणी एकदम गावात न येता टप्प्याटप्प्याने खाली उतरावं, हे त्या रचनेतच होतं, मग कागदावर कोणी लिहो न लिहो.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि पुढच्या दशकातल्या जमीनसाऱ्याच्या बंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्यांना, गावाची मालकी मिळाली. तलावही त्यांचे झाले. मालगुजारी ही काही न्यायाची व्यवस्था नव्हती. तिच्यात वेठबिगार होती, आणि पारीवर माती टाकणाऱ्या हातांना त्याचा मोबदला मिळेच असं नव्हतं. पण एक गोष्ट मान्य करायला हवी: तलाव फुटला तर मालगुजाराचंच धान जात होतं, म्हणून पावसाळ्याआधी पारीवर माती पडत होती आणि मोठ्या पावसात कोणीतरी सलंगेवर जागत होतं.

१९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ही व्यवस्था संपली. १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले आणि माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, हे नाव त्यांना चिकटलं. पूर्व विदर्भात ते सहा हजारांहून जास्त आहेत. पुढे जिल्हा परिषदा आल्या, आणि १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. पाणी वापरायचा हक्क शेतकऱ्याचा, मासेमारीचा ठेका संस्थेचा, जमीन महसूलची, दुरुस्ती लघु पाटबंधारे विभागाची. मालक गेला हे योग्यच झालं. त्याच्याबरोबर राखणदारही गेला आणि त्याची जागा कोणी घेतली नाही, हे मात्र फार महागात पडलं.

याच्या जोडीला आणखी दोन पिढ्यांचे तलाव आहेत. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर मध्य प्रांत सरकारने स्वतः मोठे तलाव हाती घेतले. चंद्रपूर जिल्ह्यातला आसोलामेंढा १९१८ चा. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेतला जाई, मालगुजार नव्हते, तिथे तलावांची जुनी परंपरा विरळच. तिथले बहुतेक लहान बांध आणि पाणी जमिनीत मुरवणारे पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळानंतर, बरेचसे रोजगार हमीच्या कामातून उभे राहिले. दुष्काळात हाताला काम हवं होतं, ते मिळालं. पण पाझर तलाव बांधताना डोळ्यासमोर पाण्याचा तुटवडा होता, अतिवृष्टी नव्हती. शिवाय वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. पाळीवर मुरुमाचं आवरण धड नसेल तर पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट पोटात उतरतं.

लहान तलाव पूर कसा अडवतो? रिकामा असेल तर भरताना पाणी पोटात घेतो, हे सगळ्यांना कळतं. पण मोठा पूर बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तलाव तुडुंब असताना येतो. मग तो काय कामाचा, असं वाटू शकतं. इथेच खरी गंमत आहे. समजा तलावाचं पाणलोट क्षेत्र ५ चौरस किलोमीटर आहे आणि एका रात्रीत १५० मिलिमीटर पाऊस झाला. त्यातला निम्मा वाहून आला तरी पावणेचार लाख घनमीटर पाणी होतं. तलावाचा पसारा ४० हेक्टर असेल, तर सांडव्याच्या माथ्यावर अर्धा मीटर पाणी चढताना दोन लाख घनमीटर पाणी तलावातच थांबतं आणि मग सावकाश उतरतं. थोड्या वेळात नाल्याला आलं असतं ते पाणी कितीतरी जास्त तासांत येतं. लोंढ्याचा कळस बोथट होतो. त्यासाठी कोणाला दार उघडावं लागत नाही, कारण अशा सांडव्याला दारच नसतं.

आता हाच पसारा अतिक्रमणाने, गाळपेराच्या, म्हणजे उघड्या पडलेल्या तळात केलेल्या शेतीच्या, बांधांनी २० हेक्टरवर आला असं धरा. तेवढंच पाणी थोपवायला अर्ध्याऐवजी एक मीटर चढ लागेल. सांडव्याच्या माथ्यापासून पाळीच्या माथ्यापर्यंतची राखीव उंची अशा तलावांना मीटर-दीड मीटरच्या आसपास असते, आणि जुन्या पाळी वर्षानुवर्षं बसत, झिजत त्याहून खाली आलेल्या आहेत. तलावाच्या पोटातलं अतिक्रमण ही म्हणूनच फक्त महसुली बाब नाही. ते पाळीखालच्या घरांच्या सुरक्षेत केलेलं अतिक्रमण आहे.

मातीची पाळ फुटण्याची कारणं मोजकी आहेत आणि बहुतेक उघड्या डोळ्यांना दिसतात. पाणी पाळीच्या माथ्यावरून गेलं की खालचा उतार खरवडत काही तासांत खिंडार पडतं. दुसरं कारण पाझर: उंदीर-घुशींची आणि खेकड्यांची बिळं, मेलेल्या झाडाच्या कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या, तुडुमाच्या बांधकामालगतची सैल माती. पाळीच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवायचं. ते गढूळ झालं तर पाळीची माती वाहू लागली आहे, आणि मग सकाळची वाट पाहायची नसते. पाळीवर वाढलेली बाभूळ, सांडव्याच्या तोंडाशी माजलेली बेशरमाची झुडपं ही धोक्याचीच खूण. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळी बसते, तिच्यात पालापाचोळा अडकतो आणि सांडव्याची वाट अरुंद होते. उन्हाळी धानाला पाणी पुरावं म्हणून कुणी सांडव्यावर दगड-मातीची पोती रचतं. ढिवर बांधवांची मासळी आणि शेतकऱ्याचं धान दोन्ही पोटाचे प्रश्न आहेत. तरीही पावसाळ्यात सांडव्याची रुंदी आणि उंची यांना कोणीच हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. साखळीतला वरचा एक तलाव फुटला तर त्याचं पाणी खालच्याला पेलत नाही.

या तलावांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं, २०४ माणसं गेली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी वैनगंगेला आलं आणि भंडारा शहर बुडालं. मोठ्या नदीच्या पुरापुढे गावतलाव काही करू शकत नाही. त्याचं बळ नाल्या-ओढ्यांच्या पुरापुरतं आहे. पण विदर्भातली कितीतरी खेडी नाल्याकाठीच वसलेली आहेत.

सुरक्षेची सरकारी यंत्रणा मोठ्या धरणांभोवती वाढली. १९६१ ला पानशेत फुटलं. १९८० मध्ये नाशिकला राज्याची धरण सुरक्षितता संघटना उभी राहिली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. ते लघु पाटबंधाऱ्याचंच धरण होतं, आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी तसंच आपत्कालीन कृती आराखडा सक्तीचा केला. पण हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या ठरावीक अटींत बसणाऱ्यांनाच लागू होतो. मामा तलाव आणि पाझर तलाव बहुतेक या रेषेच्या खालीच राहतात. उंची कमी म्हणून धोका कमी, हा हिशेब पाळीला लागून वस्ती असलेल्या गावाला लागू पडत नाही.

२०१७ पासून गाळमुक्त धरण योजनेत बऱ्याच तलावांतला गाळ निघाला, साठा वाढला, शेतांना सुपीक माती मिळाली. काम चांगलंच आहे. पण पोकलेन पाळीच्या पायथ्याला लागून चालवलं, तर तिथला घट्ट बसलेला चिकण मातीचा थर निघून जातो आणि पाळीखालून पाझर वाढतो. पाळीपासून अंतर सोडून खोदणं, गाळासोबत सांडव्यासमोरचा चर मोकळा करणं, खचलेल्या जागी माती टाकून ती पाणी मारून दाबणं, ही कामं त्याच अंदाजपत्रकात बसू शकतात. मृगाआधीच्या ग्रामसभेत तीन गोष्टींची नोंद व्हावी: सांडवा मोकळा आहे की नाही, तुडुमाची चावी कोणाकडे आहे, आणि मोठ्या पावसाच्या रात्री पाळीवर फेरी मारणारा माणूस कोण. त्या माणसाला जिल्हा परिषदेकडून चार महिन्यांचं मानधन मिळावं, आणि मुरूम व रिकामी पोती पाळीच्या टोकाशी आधीच पडलेली असावीत.