बोस्टनच्या मुलांची फूटपट्टी

एखाद्या मुलाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहिला, तर हाडांचे डॉक्टर कधी कधी लांब पायाचीच वाढ रोखतात. गुडघ्याजवळची ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं तो थर, बंद करायची, आखूड पाय हळूहळू बरोबरीला येतो. अवघड असतं ते वय ठरवणं. शस्त्रक्रिया लवकर झाली तर हिशेब उलटा होतो, उशिरा झाली तर फरक राहतोच. त्यासाठी मांडीचं आणि नडगीचं हाड कोणत्या वयात किती लांब असतं याचे तक्ते लागतात. १९६४ साली छापलेले असे तक्ते अजून वापरात आहेत. ते बेतले आहेत ६७ मुलगे आणि ६७ मुलींच्या एक्स-रे वर.

ही मुलं बोस्टनची. हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातल्या माता-बाल आरोग्य विभागाने त्यांची नोंद ठेवली होती. (विभागाच्या नावात आधी फक्त मूल होतं, आई नंतर आली.)

विभागातले बालरोगतज्ज्ञ हॅरॉल्ड स्टुअर्ट यांनी १९३० च्या सुमारास हे काम सुरू केलं. तोवर मुलांची वाढ मोजायची म्हणजे बहुतेक वेळा शाळेत जाऊन वेगवेगळ्या वयाच्या मुलांची उंची एकाच दिवशी टिपायची. त्यातून सरासरी मिळते, पण ती फसवी असते. वयात येताना कुणी बाराव्या वर्षी झपाट्याने उंच होतो, कुणी पंधराव्या. सगळ्यांची सरासरी काढली की ती उसळी सपाट होते, आणि कागदावर असं मूल तयार होतं जे प्रत्यक्षात कुठेच नसतं. यावर इलाज एकच, तेच मूल पुन्हा पुन्हा मोजणं. स्टुअर्ट यांनी नोंदी बाळाच्या जन्माआधीपासून, म्हणजे आईच्या गरोदरपणापासून सुरू केल्या आणि मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत चालू ठेवल्या. असं काम करायला शास्त्रज्ञापेक्षा कारकुनाची चिकाटी जास्त लागते.

या कामातलं मला सर्वांत आवडतं पात्र म्हणजे आहारतज्ज्ञ बर्था बर्क. गरोदर बाई रोज काय खाते हे कसं कळणार? ‘दूध पिता का?’ विचारलं की उत्तर ‘हो’ असंच येतं. बर्क आधी नेहमीच्या दिवसाचं खाणं बोलतं करून घेत, मग एकेका पदार्थाचं नाव घेऊन ते किती वेळा होतं हे उलटतपासणीसारखं विचारत आणि वर तीन दिवसांची लेखी नोंद मागत. तिन्ही जुळली नाहीत तर पुन्हा प्रश्न. १९४३ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी २१६ स्त्रियांचा अभ्यास छापला. आईचा आहार जितका निकृष्ट, तितकी नवजात बाळाची प्रकृती कमजोर, असं त्यात दिसलं. निकृष्ट आहारासोबत गरिबीही येते, त्यामुळे सगळा दोष ताटावर टाकता येत नाही. पण प्रश्न विचारायची ती पद्धत टिकली.

दरम्यान १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने माता-बाल आरोग्यासाठी अमेरिकेतल्या राज्यांना निधी मिळू लागला. त्या तरतुदी घडवणाऱ्यांपैकी एक, डॉ. मार्था एलियट, पुढे १९५७ मध्ये याच विभागाच्या प्रमुख झाल्या.

बोस्टनच्या वजन-उंचीचे आकडे मात्र विभागाच्या हाताबाहेर गेले. १९६६ साली जागतिक आरोग्य संघटनेने छापलेल्या पोषण-मापनाच्या पुस्तकातून ते ‘हार्वर्ड प्रमाण’ म्हणून जगभर पसरले. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ मध्ये कुपोषणाच्या श्रेणी ठरवल्या, त्याही यावरच. अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत घसरलं की पहिली श्रेणी, ५० किंवा खाली गेलं की चौथी.

बोस्टनची गोरी मुलं आमच्या मुलांचं माप कसं ठरवणार, हा आक्षेप साहजिकच होता. त्याचं उत्तर मिळायला २००६ उजाडलं. भारतासह सहा देशांतल्या, अंगावर दूध पिणाऱ्या आणि चांगल्या परिस्थितीतल्या बाळांची वाढ जागतिक आरोग्य संघटनेने मोजली. लांबीतल्या एकूण फरकापैकी देशादेशांमुळे पडलेला फरक निघाला अवघा ३ टक्के, तर एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला ७० टक्के. म्हणजे वंशाची शंका फारशी खरी ठरली नाही. नव्या प्रमाणात मुख्य बदल झाला तो बाळाला काय पाजलं याचा.

वजनाची ती जुनी फूटपट्टी आता बाजूला पडली आहे. हाडांच्या तक्त्यांत मात्र ती १३४ मुलं अजून एक ते अठरा वर्षांचीच आहेत.