गावाचं म्युझियम करताय? मग आधी घासणी खाली ठेवा

नमस्कार मंडळी. आमचं उद्यमनगरात चार जणांचं वर्कशॉप आहे, जुन्या वस्तूंसाठी काचेची कपाटं, स्टँड, लेबलं बनवतो आणि जमेल तेवढी साफसफाई पण करून देतो. हल्ली ग्रामपंचायत, तालीम, वाचनालय असे बरेच जण विचारायला येतात की गावात एक खोली रिकामी हाय, जुन्या वस्तू मांडायच्यात, काय काय लागंल. तेच तेच सांगून घसा बसायला लागला म्हणून हा कागद छापला.

निम्म्या लोकांचं पहिलं वाक्य असतं, "आम्हाला कणेरीसारखं पाहिजे." कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरचं ग्रामजीवन म्युझियम लई भारी आहे यात वादच नाही, बारा बलुतेदार, शेती, घरं, सगळं सिमेंटच्या पुतळ्यांतनं उभं केलंय, पण त्याला जागा किती, खर्च किती. तुमच्याकडं एक खोली आहे, आणि त्या खोलीत कुणीतरी वापरलेली खरी वस्तू येणार आहे, जिच्या घरची माणसं अजून त्याच गल्लीत राहतात. त्याचा फायदा उठवा की.

म्हणजे काय, तर एका गावात टेबलावर पायली, अधोली, शेर, चिपटं ओळीनं मांडलेलं आणि पुढं चिठ्ठी, 'धान्य मोजायची मापे'. एवढं तर कुणीबी सांगंल. शेजारी एक आजी उभ्या होत्या त्या म्हणाल्या, ही पायली आमची, बलुतं ह्यानंच घालायचो, मामंजी शीग (मापाच्या काठावर धान्याची रास) लावून द्यायचे आणि ते बाहेर गेले की सासूबाई हातानं शीग पाडायच्या. अहो, हेच लेबलवर पाहिजे! म्हणून कपाटाच्या ऑर्डरच्या आधी एक जाड रजिस्टर आणा. वस्तूचा नंबर, कुणी दिली, कुणी वापरली, कशाला वापरली, फोटो, आणि देणाऱ्याची सही. ती कायमची दिली की ठेव म्हणून दिली हे पण लिहून घ्या, नाहीतर दहा वर्षांनी चुलतभाऊ येऊन "आमचा हंडा" म्हणून उभा राहतो, हे आम्ही बघितलंय.

आता घासणीचं. जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं, लग्नात कुणी दिलं, कधी दिलं. चिंच-मीठ नाहीतर भांड्याची पावडर लावून चकाचक केलं की दर खेपेला ती अक्षरं थोडी थोडी झिजतात. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा, बास. तसंच नांगर, कुळव, पाभरीला लाल ऑइलपेंट मारू नका. हाताला लागून लागून रुमण्याची (नांगर धरायच्या दांड्याची) मूठ गुळगुळीत झालेली असते, तीच बघायची गोष्ट, आणि तीच रंगाखाली गेली तर काय उरलं? लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली ताजा भुस्सा पडत असंल तर आत किडा जिवंत आहे, ती वस्तू बाकीच्यांपासनं लांब ठेवा आणि आम्हाला फोन करा.

घोंगड्याला कसर लागली तर औषध मारायच्या आधी हे करून बघा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. आईस्क्रीमवाल्याशी ओळख असली की काम होतं. मोटेचं (विहिरीतनं पाणी काढायच्या कातडी पिशवीचं) चामडं तेलात भिजवू नका, आत सुती कापडाचे बोळे भरून आकार धरून ठेवा.

मोडी कागद असतील तर हात जोडून सांगतो, लॅमिनेशन नको. ते परत निघत नाही. फोटो काढून ठेवा आणि कागद साध्या सुती कापडात आडवे ठेवा.

कपाट एअरटाइट पाहिजे असा बऱ्याच जणांचा हट्ट असतो. राधानगरी, गगनबावड्याकडच्या पावसात बंद कपाटात ओल कोंडते आणि बुरशी धरते, म्हणून आम्ही मागं जाळी लावलेली भोकं मुद्दाम ठेवतो, तो कामातला फॉल्ट नाही. नदीकाठच्या गावांनी २०१९ च्या पुराची रेघ भिंतीवर कुठपर्यंत आहे ते आधी दाखवा, सगळ्यात खालचा कप्पा तिच्या वर घेऊ. कागद भिजलेच तर ओढून सुटे करू नका, उन्हात टाकू नका, दोन दिवसांत वाळवणं जमत नसंल तर तेपण फ्रीझरमध्ये.

काही कामं आम्ही घेत नाही. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड) जागेवरनं हलवायचा किंवा त्याला रंग द्यायचा, सांबराची शिंगं मांडायची (१९७२ च्या वन्यजीव कायद्यात सर्टिफिकेट लागतं), किंवा नांगरताना सापडलेली नाणी, मूर्ती गुपचूप कपाटात लावायची. १८७८ च्या कायद्यानं जमिनीत १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही गाडलेलं सापडलं तर कलेक्टरांना कळवायला लागतं, आणि १०० वर्षांपेक्षा जुन्या दगडी मूर्तीचं पुरातत्त्वकडं रजिस्ट्रेशन. कटकट वाटते खरी, पण कोल्हापुरात ब्रह्मपुरीला सापडलेली ती पोसायडनची (ग्रीकांच्या समुद्रदेवाची) लहानशी रोमन मूर्ती आज तिथल्याच टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये बघायला मिळते ती कुणी मोडीत घातली नाही म्हणूनच ना.

रेट वस्तू बघितल्याशिवाय सांगत नाही. आधी खोलीचे आणि वस्तूंचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका, मग आम्ही येऊन मापं घेतो. आणि वस्तू इकडं आणणार असाल तर तशीच आणा, धुवून, घासून, तेल लावून आणू नका. धूळ काढायचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.