आयर्विनची पातळी, कोयनेचा विसर्ग

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की 'जेवला का' नंतर येतं, आधी 'आयर्विनला किती?' येतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. महापूर बघितलेली माणसं मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत. 'कोयनेतनं किती सोडलंय?' हा त्यांचा पुढचा प्रश्न. पट्टी सांगते ते पुलाखाली येऊन पोचलेल्या पाण्याचं. उद्याचं पाणी अजून कोयना धरणाच्या दरवाज्यांशी असतं, आणि ते कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत उतरलं की सांगलीकराच्या हातात सामान माळ्यावर चढवण्यापलीकडे काही उरत नाही.

२०२१ च्या जूनमध्ये कोरोनाचे निर्बंध ठरत होते तेव्हा हेच दोन प्रश्न, आज रुग्ण किती आणि मागून काय येतंय, एकमेकांशी भांडत होते. हरभट रोडवर दुपारी चारला शटर ओढणाऱ्याला ते भांडण दिसत नव्हतं. त्याला दिसत होते ते रोज बदलणारे आदेश.

४ जूनच्या आदेशानं राज्य सरकारनं पाच स्तर केले. तपासलेल्या शंभर नमुन्यांत किती बाधित निघतात, म्हणजे पॉझिटिव्हिटी रेट, आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्यात, या दोन आकड्यांवर जिल्ह्याचा स्तर ठरायचा. बाधित पाच टक्क्यांखाली आणि पाव खाटाही भरलेल्या नाहीत, तर पहिला स्तर, जवळपास सगळं मोकळं. बाधित वीस टक्क्यांवर किंवा पाऊण खाटा भरलेल्या, तर पाचवा. थोडक्यात, सरकारनं प्रत्येक जिल्ह्यात एकेक आयर्विन उभा केला. कल्पना चांगली होती, पण जशीच्या तशी ती तीन आठवडेच टिकली. २५ जूनला नवा आदेश आला: पट्टीवरचा आकडा कितीही खाली असो, तिसऱ्या स्तराच्या खाली कुणी यायचं नाही. कारण डेल्टा प्लस, विषाणूचा नवा प्रकार. राज्यात तेव्हा त्याचे २१ रुग्ण सापडले होते, सगळ्यात जास्त रत्नागिरी आणि जळगावात. सांगली-साताऱ्यात एकही नाही.

एकवीस रुग्णांपायी अख्खं राज्य कशाला, असं तेव्हा पेठेत सर्रास बोललं जायचं. प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी जरा विषाणूच्या घरात शिरावं लागतं.

पूर्वी सातबारा हातानं उतरवून मिळायचा. उतरवताना एखादा काना सुटायचा, कुठं 'रामा'चा 'राम' व्हायचा. बहुतेक चुकांनी कुणाचं काही बिघडत नसे, एखादीच बांधाचं भांडण कोर्टात न्यायची. कोरोना विषाणूचा सातबारा सुमारे ३०,००० अक्षरांचा, आरएनएचा. आपल्या पेशीत शिरला की तो त्याच्या असंख्य नकला काढतो. त्याच्याकडे नक्कल तपासणारं एक विकरही असतं, त्यामुळे फ्लूच्या विषाणूपेक्षा तो कमी चुका करतो. तरीही एका साखळीत महिन्याला साधारण दोन बदल टिकून राहतात. चुकणं हा त्याचा डावपेच नव्हे. लाखो माणसांत नकला निघत असतील तर एखादी चूक कुठंतरी त्याच्या पथ्यावर पडतेच.

डेल्टाचं तसंच झालं. २०२० च्या अखेरीस भारतातच पहिल्यांदा सापडलेला हा प्रकार, बी.१.६१७.२. विषाणूच्या अंगावरच्या काटेरी प्रथिनात ४५२ व्या जागेवर ल्युसीन हे अमिनो आम्ल जाऊन आर्जिनिन आलं, ६८१ व्या जागेवर प्रोलीन जाऊन आर्जिनिन आलं. हा दुसरा बदल महत्त्वाचा. पेशीत घुसण्याआधी काट्याचे दोन तुकडे व्हावे लागतात, आणि हा तुकडा पडणं त्यामुळे सोपं झालं. डेल्टा प्लसमध्ये आणखी एक बदल होता, ४१७ व्या जागेवर. तोच बदल दक्षिण आफ्रिकेतल्या बीटा प्रकारात होता, आणि बीटा लशीला चकवतो हे तोवर माहीत झालेलं. भीती बसली ती या ओळखीच्या चेहऱ्याची.

आता निर्बंधांचं गणित. मुळातला विषाणू, कुणी अडवलं नाही तर, एका माणसाकडून सरासरी अडीच जणांना जायचा. डेल्टासाठी हाच आकडा पाचच्या आसपास धरतात. समजा, कडक निर्बंधांनी आपल्या दहातल्या सहा भेटी तुटल्या. जुना विषाणू अडीचवरून बरोबर एकवर येतो: शंभर रुग्ण असतील तर पुढच्या फेरीतही शंभर. डेल्टा पाचवरून दोनवर येतो. सहा फेऱ्यांनी, म्हणजे महिनाभरात, शंभराचे ६,४०० होतात. तेच आदेश, तेवढेच पोलीस, तीच बंद शटरं. डेल्टाला एकवर आणायचं तर दहातल्या आठ भेटी तोडाव्या लागतात. तेवढ्या तोडायच्या म्हटलं तर सकाळ-संध्याकाळचं दूध संकलनही बंद ठेवावं लागेल, आणि म्हशीला तर लॉकडाऊन कळत नाही.

इस्लामपूर आठवा. मार्च २०२० मध्ये परदेशातून परतलेल्या एका कुटुंबापासून तिथं पंचवीसेक रुग्ण झाले होते. संपर्कातला एकेक माणूस शोधून, परिसर सील करून ती साखळी तिथल्या तिथं तोडली. काम कौतुकाचंच होतं. पण त्याच पद्धतीनं डेल्टा अडला असता का? मला शंका आहे. त्याच्या दोन फेऱ्यांमधलं अंतरच कमी. संपर्कातल्या माणसाचं दार वाजवेपर्यंत तो पुढच्या तिघांना देऊन बसलेला असता.

पट्टीची खोट इथं कळते. आज लागण झाली तर लक्षणं चार-पाच दिवसांनी, मग तपासणी, आणि ऑक्सिजन लागलाच तर आणखी आठवडाभरानं. भरलेली खाट म्हणजे दोन आठवड्यांपूर्वीचं पाणी. त्यात पॉझिटिव्हिटी रेट हा लवचीक प्राणी. धडधाकट माणसांच्या पटापट अँटिजेन चाचण्या केल्या की तो आपोआप खाली येतो. म्हणून २५ जूनच्या आदेशात, दर फक्त आरटीपीसीआरवरून काढायचा, असंही बजावलं होतं. वरच्या पाण्याची खबर द्यायला डिसेंबर २०२० मध्ये दहा प्रयोगशाळांचं इन्साकॉग हे जाळं केंद्रानं उभारलं, त्यात पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था होती. पण स्वॅब गोळा करायचा, पाठवायचा, त्याची सगळी अक्षरं वाचायची, यात आठवडे जायचे. कोयनेचा फोन यायचा, पण पाणी कराड ओलांडल्यावर.

खबर आली तरी तिचा अर्थ लावणं अवघड. ब्रिटनमध्ये अल्फा हा प्रकार सापडला तेव्हा २२ डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या महापालिका क्षेत्रांत रात्री अकरा ते सहा संचारबंदी लागली. म्हणजे सांगली-मिरज-कुपवाडला लागली आणि नगरपालिका असलेल्या साताऱ्याला नाही. कृष्णाकाठी राहून विषाणूनं महापालिकेची हद्द पाळावी, ही अपेक्षा जरा जास्तच होती!

डेल्टा प्लसचं पुढं काय झालं? फारसं काही नाही. साध्या डेल्टापुढं तो टिकलाच नाही. मग जूनचा आदेश चुकला का? माझं मत असं, की कारण चुकलं, वेळ चुकली नाही. कोव्हिशील्डचा एक डोस डेल्टाच्या आजारापासून जेमतेम ३० टक्के संरक्षण देतो आणि दोन डोस सुमारे ६७ टक्के, हे ब्रिटनच्या आकड्यांवरून दिसत होतं. आपल्याकडे मात्र मेमध्येच दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे केलेलं, म्हणजे बहुतेकांचा एकच झालेला. खरा धोका साध्या डेल्टाचा होता आणि तो गावात बसलेला होता. लाट विदर्भात आधी उठली, आपल्याकडे उशिरा आली आणि रेंगाळली. ऑगस्टच्या सुरुवातीला २५ जिल्ह्यांना सूट मिळाली, पण उरलेल्या ११ मध्ये सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्ही होते. जुलैअखेरच्या महापुराचा चिखल काढून दुकान उघडावं, तर ते पुन्हा चारला बंद.

त्यानंतर सरकारनं पट्टीच बदलली. १५ ऑगस्टपासून नियम असा, की राज्याची ऑक्सिजनची गरज दिवसाला ७०० टनांवर गेली तरच पूर्ण लॉकडाऊन. ओमायक्रॉन आला तेव्हा हा नियम कामाला आला. दक्षिण आफ्रिकेनं २४ नोव्हेंबर २०२१ ला त्याची माहिती कळवली आणि दोनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला चिंताजनक ठरवलं. काट्यावर तीसहून जास्त बदल, वेग डेल्टापेक्षाही जास्त. गणिताप्रमाणं निर्बंध आणखी कडक हवेत. १० जानेवारी २०२२ पासून आले ते मात्र मुख्यतः रात्रीची संचारबंदी, लग्नाला पन्नास माणसं, शाळा बंद, एवढेच. दुकानं उघडीच राहिली. लस आणि आधी होऊन गेलेली लागण यांमुळे पूर तेवढाच मोठा असूनही घरं चौथऱ्यावर होती. ओमायक्रॉन फुप्फुसांत खोल उतरण्यापेक्षा घशात-नाकात जास्त वाढायचा, त्याचाही हातभार लागला. पाणी वाढलं, ऑक्सिजनच्या खाटांपर्यंत त्या मानानं कमी पोचलं.

२०२० चा पाडवा, २५ मार्च, देशव्यापी लॉकडाऊनचा पहिला दिवस होता. २०२१ च्या पाडव्याला, १३ एप्रिलला, 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध जाहीर झाले. २०२२ च्या पाडव्याला, २ एप्रिलला, राज्यातले सगळे निर्बंध उठलेले होते आणि मास्कही ऐच्छिक झाला होता. त्या सकाळी साखरेच्या गाठी घ्यायला मारुती रोडवर लोटलेल्या गर्दीच्या काळात देशात चालत होता तो बीए.२, ओमायक्रॉनचा धाकटा भाऊ. आरटीपीसीआरमध्ये एक जनुक गायब दिसलं की थोरला लगेच ओळखू यायचा, हा त्या युक्तीलाही सापडत नव्हता. आणि पसरायला तो थोरल्याहून चपळ होता.