हॉल मिळाला का?

मुंबईत महिन्याला एक छोटी मैफल भरवणाऱ्या कुणालाही विचारा, त्याचा पहिला फोन गायकाला जात नाही, हॉलच्या मॅनेजरला जातो. 'तिसरा शनिवार रिकामा आहे का?' तिकडे वहीची पानं उलटतात आणि ठरलेलं उत्तर येतं, 'मुहूर्त आहे साहेब, लग्नाचं बुकिंग आलं नाही तर देतो.' गवई मिळतो, तबलजी मिळतो, साठ-सत्तर श्रोते जमतात. घोडं अडतं ते जागेपाशी. प्रायोजक नसलेल्या, चार हौशी माणसांनी पदरमोड करून चालवलेल्या मैफलींची या शहरातली परंपरा दीडशे वर्षांची आहे, आणि तिची बरीचशी गोष्ट जागेचीच आहे.

एकोणिसाव्या शतकात गाणं ऐकायचं तर संस्थानिकाचा दरबार, शेटजींचा दिवाणखाना नाहीतर कलावंतिणीची बैठक. नोकरदार माणसाला तिथे सहज शिरकाव नव्हता. मग त्याने आपली सोय आपणच केली. १८७० साली मुंबईत पारसी गायनोत्तेजक मंडळी निघाली. पुढे वकिलीच्या वाटेवर असलेले संगीतशास्त्रकार भातखंडे तिथेच रमले. १८७४ साली पुण्यात गायन समाज आला. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ चा. वर्गणी भरा आणि गाणं ऐका, हे सूत्र तेव्हापासूनचं. आपण आज 'कम्युनिटी' वगैरे म्हणतो ते हेच, फक्त तेव्हा त्याला 'सभासद' म्हणत.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी पुढचं पाऊल टाकलं. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढताना त्यांनी राजाश्रय न घेता लोकांच्या पैशावर संस्था उभी केली. जाहीर जलसे करायचे, तिकीट लावायचं आणि त्यातून शाळा चालवायची. १९०८ मध्ये ते मुंबईत आले आणि इथे त्यांनी एक गोष्ट केली जी प्रत्येक आयोजकाच्या मनात कधी ना कधी येते: कर्ज काढून स्वतःची इमारत बांधली. हप्ते भरण्यासाठी गावोगाव दौरे करावे लागले. तरी कर्ज फिटेना, आणि १९२० च्या दशकात इमारतीचा लिलाव झाला. भाड्याच्या जागेला शिव्या देणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा, असं मला नेहमी वाटतं.

स्वतःची वास्तू टिकवलेली उदाहरणंही आहेत, पण त्यांच्यामागे मोठा, बांधलेला समाज दिसतो. षण्मुखानंद सभा १९५२ ची. मुख्यतः दक्षिण भारतीय रसिकांच्या बळावर १९६३ मध्ये तिचं सायनजवळचं भव्य सभागृह झालं, १९९० मध्ये ते आगीत जळालं आणि १९९८ मध्ये पुन्हा उभं राहिलं. साठ माणसांच्या म्युझिक सर्कलला, म्हणजे वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला, हे झेपणारं नाही.

गिरगावाने वेगळा मार्ग काढला. १८९३ पासून केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसू लागला आणि वाड्या-गल्ल्यांना दहा दिवसांचा फुकटचा मंच मिळाला. रस्त्यावर सतरंज्या, वर कनात, पहाटेपर्यंत गाणं. एरवीच्या दिवसांत लक्ष्मीबाग होती, म्हणजे लग्नाचा हॉल. लग्नाच्या हॉलमध्ये मैफल करण्याची ही मुंबईची रीत तेव्हाची आहे, आणि मुहूर्ताशी आमचं भांडणही तेव्हाचंच असणार. जवळच ट्रिनिटी क्लब होता, तिथे गाणारे आणि जाणकार एकत्र बसत. तिथे 'वा' मिळवणं सोपं नव्हतं म्हणतात.

रेल्वेबरोबर माणसं उपनगरात गेली आणि त्यांच्याबरोबर म्युझिक सर्कल गेली: दादर-माटुंगा, खार-सांताक्रूझ, पार्ले, चेंबूर, मुलुंड, डोंबिवली. सर्कलचा हिशेब साधा. शंभर सभासद धरा, प्रत्येकी वर्षाला दीड हजार. म्हणजे वर्षाच्या आरंभी दीड लाख हातात. आठ मैफली करायच्या तर एकीला सुमारे अठरा-एकोणीस हजार. त्यात मुख्य कलाकाराची बिदागी, तबला-पेटीचं मानधन, हॉलचं भाडं, माइकवाला, चहा-बटाटेवडा. तानपुऱ्यावर बहुधा गायकाचे शिष्यच असतात, त्यांना पाकिटापेक्षा टॅक्सीभाडं महत्त्वाचं. पैसे आधी येतात, म्हणून पाऊस पडून तीसच माणसं आली तरी बिदागी बुडत नाही. तिकिटावर चालणाऱ्या मैफलींच्या मालिकेला ही शांत झोप नसते. पुढे गाद्या-तक्के, मागे खुर्च्या हा नकाशाही सर्कलचाच. गेल्या वीस वर्षांत खुर्च्या एकेक रांग पुढे सरकत आल्या, कारण सभासदांचे गुडघे.

शास्त्रीय गाण्याबाहेरही हेच चाललं होतं. गिरणगावात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांचं लाल बावटा कलापथक १९४४ पासून चाळीच्या पटांगणात आणि गिरणीच्या दारात गायलं; त्यांना हॉल लागलाच नाही. कोकणातल्या चाकरमान्यांच्या डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, मात्र छप्पर लागे आणि परळचं दामोदर नाट्यगृह त्यांना ते देई. १९२२ चं हे नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. दोन बुवा, दोन पखवाज आणि समोर टाळ्या वाजवणारं अख्खं गाव, हा सोहळा 'इंडी म्युझिक'च्या, म्हणजे स्वतंत्र संगीताच्या, चर्चेत कधी येत नाही. का येत नाही, हे कळायला फार विचार करावा लागत नाही.

आता धोबीतलावाकडे या. रंगभवन हे उघडं नाट्यगृह. १९७८ ची पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझ संगीताचा महोत्सव, इथे झाली. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाने मुंबईच्या पोरांना स्वतःचे बँड ऐकवले तेही प्रामुख्याने इथेच. तिकीट परवडणारं, स्टेशन चालत, वर आभाळ. पण बाजूला झेवियर्स कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालयं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीच्या शंभर मीटरच्या परिसराला शांतता क्षेत्र म्हटलं, आणि काही वर्षांतच रंगभवनातलं संगीत थांबलं. रुग्णाच्या झोपेशी वाद घालता येत नाही. पण त्या तोडीची, स्वस्त आणि मध्यवर्ती जागा शहराने पुन्हा दिली नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

त्याच नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पक्की मोहोर उठवली. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस मोठ्या उत्सवांच्या वाट्याला जातात. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चालायचा, त्यालाही वेळापत्रक बदलावं लागलं. बंद सभागृहाला नियमात मुभा आहे, पण वॉचमनला आणि शेजारच्या सोसायटीला ती सांगणार कोण?

याचा परिणाम थेट रागांवर झाला, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बहुतेक रागांची गाण्याची वेळ ठरलेली. साडेसहाला सुरू होणाऱ्या मैफलीत मारवा, पूरिया, यमन बसतात. बागेश्री कशीबशी मिळते. मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग आता नऊच्या ठोक्याला गातात आणि पावणेदहाला भैरवी. ललत, तोडी या सकाळच्या रागांसाठी वेगळं 'पहाट' किंवा 'प्रभात' नावाचं दुकान मांडावं लागलं. दिवाळी पहाटेच्या लाटेमागे हौस आहेच, पण घड्याळाचा हा रेटाही असावा.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, आणि पंचवीस वर्षांनी, २००७ मध्ये, लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हा गाण्याचा क्लब उघडला. आवाजाची व्यवस्था उत्तम, रोज नवा बँड. इथे गाण्याचा खर्च निघे तो बहुतांशी बार आणि जेवणातून, त्यामुळे गाणाऱ्याचं भवितव्य गिऱ्हाइकाच्या ग्लासाशी जोडलं गेलं. २०१६ मध्ये तोही मिटला. दरम्यान २०१२ च्या सुमारास कंट्रोल ऑल्ट डिलीटच्या मंडळींनी लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवून, ज्याला जमेल ते द्यावं अशा बोलीवर रॉक बँडचे कार्यक्रम केले. म्हणजे गिटारवाले फिरून देवल क्लबच्या वर्गणीपाशीच आले. लंडनहून आलेल्या सोफार या उपक्रमाच्या मैफली कुणाच्या तरी घरात, छतावर किंवा ऑफिसात होतात, पत्ता आदल्या दिवशी कळतो. गिरगावातल्या घरगुती बैठकीला पत्ता लागत नसे एवढाच फरक.

कराचं ओझं मात्र थोडं हललं. मुंबईत १९२३ च्या कायद्याने आलेला करमणूक कर २०१७ मध्ये जीएसटीत विरला, आणि २०१८ पासून पाचशे रुपयांपर्यंतच्या मैफलीच्या तिकिटावर जीएसटी नाही. बऱ्याच छोट्या मालिकांचं तिकीट पाचशेच्या वर का जात नाही, त्यात याचाही वाटा आहे. पोलिसांची परवानगी, ध्वनिक्षेपकाचा परवाना आणि कुणाची गाणी वाजणार त्यानुसार हक्कांचे पैसे, ही पायपीट उरतेच.

आम्ही चालवतो ती मालिका एका सोसायटीच्या हॉलमध्ये होते. जमिनीवर बॅडमिंटनच्या पिवळ्या रेषा आहेत, गाद्या त्यांच्यावर घालतो. मागच्या खेपेला तीन दिवस आधी हॉल साखरपुड्याला गेला. मैफल एका सभासदांच्या गच्चीवर, बिनमाइकची झाली. पंचेचाळीस माणसं होती, तबला जरा वर गेला, पण खालच्या मजल्यावरच्या आजी खुर्ची घेऊन वर आल्या आणि भैरवीपर्यंत बसल्या. या महिन्याचा शनिवार अजून पक्का नाही. मॅनेजर म्हणाले, 'सोमवारी फोन करा.'