गुलमर्गचा बर्फ आणि रावेरची थंडी

डिसेंबर उजाडला की जळगाव, भुसावळ, धुळे इथून गुलमर्ग, सोलंग किंवा औलीला निघालेले लोक मोबाईलवर रोज तिथल्या बर्फाचा अंदाज पाहू लागतात. ‘शुक्रवारी 25 सेंटिमीटर हिमवृष्टी’ असे दिसले की ते हरखून जातात आणि शनिवारी तिथे पोहोचल्यावर पायाखाली चिखल लागला की हवामान खात्याला बोल लावतात. वास्तविक त्या एका ओळीत दोन वेगळे अंदाज असतात : बर्फ कधी पडेल हा एक आणि किती पडेल हा दुसरा. पहिल्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. दुसरा हे हवामानशास्त्रातले फार अवघड गणित आहे. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला स्कीइंगशी काही देणेघेणे नसले, तरी यातला पहिला अंदाज त्याच्याही कामाचा आहे.

हिमालयातला हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. भूमध्य समुद्र आणि त्याच्या आसपासच्या टापूत उगम पावलेल्या या प्रणाली, जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वायुझोताबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत काश्मीरपर्यंत येतात. वाटेत, विशेषतः अरबी समुद्राकडून, त्यांना बाष्प मिळते. पीर पंजालसारख्या रांगांना अडून ती दमट हवा वर चढते, थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे हिमकण बनतात. एवढा लांबचा प्रवास उपग्रहांना दिसत राहतो आणि हवामानाचे फुगे देशोदेशी ठरलेल्या वेळी, आपल्याकडे पहाटे व संध्याकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी, वरच्या हवेची माहिती आणतात. म्हणूनच झंझावात काश्मीरला कोणत्या दिवशी पोहोचेल, हे तीन-चार दिवस आधी बऱ्याच खात्रीने सांगता येते.

मात्र सगळे झंझावात सारख्या ताकदीचे नसतात. 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस काश्मिरात ‘चिल्लई कलान’ म्हणून ओळखले जातात आणि याच काळात पडलेला बर्फ सर्वांत जास्त टिकतो. जानेवारी 2024 मध्ये नेमका हाच काळ जवळजवळ कोरडा गेला आणि ऐन हंगामात गुलमर्गची कुरणे तपकिरी दिसत होती. पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला.

आता सेंटिमीटरचा आकडा. हवामानाची संगणकीय प्रारूपे पृथ्वीची विभागणी चौकटींमध्ये करतात. जगातल्या नावाजलेल्या प्रारूपांची चौकट साधारण 9 ते 13 किलोमीटरची असते, तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या आणि मे 2025 मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ची 6 किलोमीटरची. गुलमर्गचे कुरण समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटरवर आहे आणि तिथला गोंडोला, म्हणजे रोपवे, प्रवाशाला अफरवत पर्वताच्या अंगावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेऊन सोडतो. हा सगळा प्रवास जेमतेम पाच किलोमीटरचा, म्हणजे प्रारूपाच्या दृष्टीने बहुधा एकाच चौकटीतला. दर किलोमीटर उंचीमागे हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते असे धरले, तर खाली 3 अंश असताना वर उणे 5 असणार. खाली पाऊस आणि वर कोरडा, भुसभुशीत बर्फ अशी स्थिती असताना चौकटीतल्या सरासरी उंचीसाठी काढलेला एकच आकडा दोघांपैकी कोणालाच धड लागू पडत नाही. त्यामुळे स्की केंद्राचा अंदाज पाहताना तो कोणत्या उंचीसाठी आहे, हे आधी तपासावे. ज्या संकेतस्थळावर उंची दिलेलीच नाही, त्याच्या सेंटिमीटरना मी तरी फारशी किंमत देणार नाही.

शिवाय प्रारूप मुळात मोजते ते पाणी. ताज्या बर्फाचे पाण्याशी प्रमाण ढोबळमानाने दहास एक धरतात, म्हणजे 10 मिलिमीटर पाण्याचा 10 सेंटिमीटर बर्फ. ढगात तापमान उणे 15 अंशांच्या आसपास असेल, तर फांद्या फुटलेले, नाजूक चांदणीसारखे हिमकण तयार होतात. त्यांच्यामध्ये हवा खूप अडकते आणि तेवढ्याच पाण्याचा पंधरा-वीस सेंटिमीटर थर साचू शकतो. हवा शून्याच्या जवळ असली, तर ओलसर, जड बर्फाचा पाच-सहा सेंटिमीटर थरच हाती लागतो. पाण्याचा अंदाज अगदी बरोबर ठरूनही बर्फाचा अंदाज दुपटीने चुकतो, तो असा.

बर्फ पडण्यासाठी जमिनीलगतची हवा शून्याच्या खालीच हवी, हा समजही पूर्ण खरा नाही. खानदेशात ज्याने एप्रिलचा कोरडा उन्हाळा आणि जुलैची दमट काहिली कूलरसमोर काढली आहे, त्याला यातले भौतिकशास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही : हवा कोरडी असेल तर पाण्याचे बाष्पीभवन होताना ती चांगलीच थंड होते, दमट असेल तर होत नाही. कोरड्या हवेतून खाली येणाऱ्या हिमकणांभोवतीही हेच घडते; थोडे बाष्प निघून जाते, कण थंड राहतो आणि थर्मामीटर 2 अंश दाखवत असतानाही जमिनीवर बर्फ साचतो. म्हणून तज्ज्ञ साध्या तापमानाऐवजी थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळल्यावर जे तापमान येते, ते पाहतात. कृत्रिम बर्फ बनवणाऱ्या यंत्रांचेही सारे गणित त्यावरच चालते. बारीक तुषार हवेत फवारून ते खाली पडेपर्यंत गोठवायचे, तर हे तापमान साधारण उणे 2 अंशांच्या खाली लागते. जानेवारी 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी औलीत अशी यंत्रे बसवली होती. पण रात्र उबदार आणि दमट असेल, तर अशा यंत्रांचा उपयोग नसतो.

पडलेला बर्फही स्वस्थ बसत नाही. वारा त्याला उतारावरून उचलून दुसऱ्या बाजूला घट्ट पाट्यांसारखा रचतो, दुपारचे ऊन वरचा थर वितळवते आणि रात्री त्याचे कडक कवच बनते. दीर्घ कोरड्या थंडीत मात्र खोलवर वेगळेच घडत असते. जमिनीजवळचा बर्फ शून्याच्या आसपास आणि पृष्ठभाग उणे 15 अंशांवर असा फरक कमी जाडीच्या थरात राहिला, तर आतले बाष्प वर सरकत राहते आणि तळाशी साखरेच्या दाण्यांसारखे, एकमेकांना न चिकटणारे स्फटिक उरतात. त्यावर पुढच्या झंझावाताने अर्धा मीटर नवा बर्फ लादला की 30 ते 45 अंशांच्या उतारावर हिमस्खलनाची पूर्वतयारी झालीच. कोरड्या जानेवारीनंतरची पहिली मोठी हिमवृष्टी म्हणूनच सर्वांत मोहक आणि सर्वांत धोक्याची असते. 22 फेब्रुवारी 2024 रोजी गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा मृत्यू झाला, तोही अशाच हंगामात. चंदीगडची ‘डीजीआरई’ ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे प्रसिद्ध करते. ठरावीक मार्ग सोडून उतरणाऱ्याने हिमवृष्टीच्या अंदाजाआधी ते वाचले पाहिजेत.

झंझावात पूर्वेकडे सरकला की काश्मिरात आकाश मोकळे होते आणि त्याच्या पाठीमागून वायव्येची थंड, कोरडी हवा राजस्थान-मध्य प्रदेशमार्गे खाली उतरते. एक-दोन दिवसांत ती तापीच्या खोऱ्यात पोहोचते. झंझावात येण्यापूर्वी आपल्याकडे ढगाळ हवेमुळे किमान तापमान उलट थोडे वाढलेले असते, त्यामुळे ‘थंडी गेली’ असे वाटत असतानाच पारा कोसळतो. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले, की हवामान विभाग थंडीची लाट जाहीर करतो. प्रत्येक हिमवृष्टीमागून अशी लाट येतेच असे नाही. झंझावात फार उत्तरेकडून निघून गेला, तर खानदेशाला तो जाणवतही नाही.

या थंडीने गहू-हरभऱ्याचे भलेच होते, पण केळीला चरका बसतो : पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते आणि निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या वेळी तो पोग्यात (मधल्या गुंडाळलेल्या पानांत) अडकतो. रात्री पाणी देणे, बांधावर धूर करणे, घडांना पिशव्या घालणे हे उपाय शेतकऱ्यांना ठाऊक आहेतच. त्यांची तयारी करायला गुलमर्गची हिमवृष्टी कोणत्या दिवशी थांबणार, ही तारीख पुरते. फक्त पारा किती उतरेल, हे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो, आणि निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे फेकत असल्याने तिच्यालगतची हवा त्याहून कितीतरी थंड होते. सातपुड्यातल्या डाब, तोरणमाळ परिसरात गवतावर दव गोठते, ते यामुळेच; वरून बर्फ पडल्यामुळे नव्हे. थंड हवा जड असल्याने उताराने वाहत जाऊन सखल जागी साचते, म्हणून अंदाजात 8 अंश दिसत असले, तरी नाल्याकाठच्या खोलगट बागेत पहाटे 4-5 अंश असू शकतात आणि रात्रीचे पाणी आधी तिथेच सोडावे लागते.