मास इफेक्ट: हेरेटिक गेथ उडवायचे की रीराइट करायचे, या वादाची पार्श्वभूमी

मास इफेक्ट ही बायोवेअर स्टुडिओची तीन भागांची अंतराळातली गेम, त्यात खेळाडू शेपर्ड असतो. गेथ म्हणजे यंत्रांची जमात, त्यातून फुटून रीपर या महाकाय शत्रू यंत्रांना मिळालेले ते हेरेटिक, आणि लिजन हा शेपर्डच्या टीममधला गेथ. ट्रिलॉजी नव्याने खेळायला घेतलेला माणूस लिजनच्या लॉयल्टी मिशनला (साथीदाराची निष्ठा मिळवायचं मिशन) पोचला की हाच प्रश्न विचारतो, हेरेटिकना उडवायचं की रीराइट करून त्यांचं मतच बदलायचं, आणि मग जुने लोक पुन्हा भांडायला बसतात. जेनोफेजवर (क्रोगन जमातीची पैदास रोखणारा रोग, तो बरा करायचा की नाही) पण वाद होतात, पण तिकडे बहुतेकांचं ठरलेलं असतं, क्रोगन साथीदार रेक्स जिवंत असेल तर इलाज हाणून पाडायची सॅलेरियन डालाट्रासची ऑफर कोण घेतंय. हेरेटिक गेथचं तसं नाहीये. इथे चांगला-चांगला म्हणवणारे लोकच दोन गटांत फुटतात.

मागचा इतिहास थोडक्यात. गेममध्ये नैतिकता मोजायची हौस जुनी आहे, १९८५ च्या अल्टिमा फोरमध्ये आठ सद्गुण होते, १९९७ च्या फॉलआउटमध्ये कर्मा आला, आणि २००३ मध्ये याच स्टुडिओच्या स्टार वॉर्सवाल्या गेममध्ये लाइट साइड-डार्क साइड अशी एकच पट्टी होती, इकडे सरकलात की तिकडचं कमी. २००७ च्या पहिल्या मास इफेक्टने दोन वेगळे मीटर केले, सज्जनपणाचा निळा पॅरागॉन आणि आडदांडपणाचा लाल रेनेगेड. पॅरागॉन वाढला म्हणून रेनेगेड वजा होत नाही. ही कल्पना खरंच चांगली होती आणि तिथे चार्म आणि इंटिमिडेट ही सरळ स्किल्स होती, पॉइंट टाकायचे आणि बोलून गळी उतरवायचं. व्हर्मायर ग्रहावर रेक्स बंदूक रोखून उभा राहतो तेव्हा पॉइंट कमी पडले, त्याच्या घराण्याचं चिलखत पण आणून दिलेलं नसलं, की त्याच्यावर गोळी चालते.

गडबड झाली ती जानेवारी २०१० मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात. ती दोन्ही स्किल्स काढून टाकली, आणि समोरच्याला पटवता येईल की नाही हे आत्तापर्यंत मिळू शकणाऱ्या पॉइंट्सपैकी तुम्ही किती मिळवले यावर ठरायला लागलं. म्हणजे कधी निळं कधी लाल असं मनाला येईल तसं खेळलात तर मिरांडा-जॅक किंवा टाली-लिजन या साथीदारांचं भांडण मिटवताना ऑप्शन करडा दिसतो, आणि एकीची किंवा एकाची लॉयल्टी जाते, आणि ज्याची लॉयल्टी गेली त्याच्या जिवाची शेवटच्या सुसाइड मिशनमध्ये काही गॅरंटी नाही. त्यामुळे लोक प्रश्न वाचायचे बंद झाले. एक रंग धरायचा आणि शेवटपर्यंत तोच दाबत जायचं. सिरीजवर काम केलेल्या एका माजी डिझायनरने २०२० मध्ये सांगितलं होतं की साधारण ९२ टक्के खेळाडू पॅरागॉन होते, तर त्यातले किती जण विचार करून पॅरागॉन आणि किती जण मीटरसाठी, हे विचारायला पाहिजे खरं तर.

आता मुख्य मुद्दा. लिजन मुळात गेममध्ये उशिरा येतो, आयएफएफ (रीपर जहाजाची ओळख देणारं यंत्र) घ्यायला गेल्यावर. आणि आयएफएफ आलं की थोड्याच वेळात क्रूचं अपहरण ठरलेलं, त्यानंतर दुसरी मिशनं करत बसलात तर क्रूमधली केली चेंबर्स मेलीच. म्हणजे घाईत करायचं मिशन. हेरेटिक स्टेशनवर गेल्यावर कळतं की रीपरला मानणाऱ्या या गेथनी एक व्हायरस बनवलाय, बाकीच्या गेथना आपल्यासारखं करायला. तोच व्हायरस उलटा त्यांच्यावर वापरता येतो किंवा स्टेशन उडवता येतं. लिजनला विचारलं तर त्याच्या आतच एकमत नाही, ५७३ प्रोग्रॅम रीराइटच्या बाजूने आणि ५७१ नष्ट करायच्या. दोनाचा फरक! आणि शेवटी निर्णय शेपर्डवर ढकलला जातो.

याआधी लिजन फरक कसा समजावतो ते आठवा: हेरेटिक म्हणतात एक हा दोनापेक्षा लहान, गेथ म्हणतात दोन हा तीनापेक्षा लहान. दोन्ही बरोबरच. आणि हेरेटिक वेगळे झाले तेव्हा बाकीच्या गेथनी त्यांना अडवलं नाही, जाऊ दिलं, कारण तो त्यांचा निर्णय होता. हे सगळं ऐकवल्यावर गेम रीराइटला पॅरागॉनचे पॉइंट देतो आणि उडवण्याला रेनेगेडचे. म्हणजे समोरच्याचं मतच आतून बदलून टाकायचं, त्याला पत्ता पण लागू द्यायचा नाही, आणि तुम्ही सज्जन. रीराइटवाल्यांचं म्हणणं की जीव वाचले, मेलेल्याला मत बदलायची पण संधी नसते, आणि रीपरशी लढायला जहाजं हवीतच. यातला जहाजांचा मुद्दा मला पटतो, पण मग तो डावपेचाचा मुद्दा झाला, त्याला निळा रंग कशाला. उडवणाऱ्यांचा डावपेचाचा मुद्दा पण काही कमी नाही: उद्या रीपर परत आले आणि या लोकांनी परत तोच हिशोब केला तर आपण शत्रूला ताफा तयार करून दिला.

मार्च २०१२ मध्ये तिसरा भाग आला आणि इथे खरा गुंता आहे. रॅनोक ग्रहावर क्वेरियन (टालीची जमात, गेथ बनवणारे) आणि गेथ यांच्यात समेट घडवायचा तर नुसतं रेप्युटेशन पुरत नाही, आत एक छुपा हिशोब चालतो जो खेळाडूंनी नंतर खणून काढला. एकूण सात पॉइंट, लागतात पाच. टालीची हद्दपारी टाळली तर दोन, टाली-लिजन भांडण मिटवलं तर एक, क्वेरियन अ‍ॅडमिरल कोरिसला वाचवलं तर एक, गेथ फायटरवालं मिशन केलं तर एक. आणि हेरेटिक नष्ट केले असतील तर दोन. रीराइट केलं असेल तर शून्य. म्हणजे दुसऱ्या भागात ज्याला सज्जनपणाचं बक्षीस मिळालं त्याला तिसऱ्या भागात बाकीचा एकही पॉइंट सोडून चालत नाही, कोरिसला सोडून त्याच्या माणसांना वाचवलं तरी समेट गेला. गोष्टीच्या आत याचं कारण लागतं, हेरेटिक परतल्यामुळे गेथ तगडे होतात आणि क्वेरियन ताफ्याचं जास्त नुकसान होतं, मग तडजोड कठीण. पण खेळणाऱ्याला हे आधी कुठेच दिसत नाही. माझ्या मते तिसऱ्या भागाने दुसऱ्या भागाचं रंगकाम गुपचूप दुरुस्त केलं, कबूल मात्र केलं नाही.

त्याच भागाच्या शेवटी तोच प्रश्न अख्ख्या आकाशगंगेला लावला: रीपरना मारा, ताब्यात घ्या, किंवा सगळ्यांनाच रीराइट करा (सिंथेसिस). शेवटावरून जो गदारोळ झाला, चाहत्यांनी स्टुडिओला तीन रंगांचे पण एकाच चवीचे कपकेक पाठवले वगैरे, ते सगळ्यांना माहितीये. जूनमध्ये फुकट एक्स्टेंडेड कट आला, त्यात तिन्ही नाकारायचा पर्याय पण आला, पण ते केलं तर हरताच. हेरेटिक स्टेशनवर रीराइट करणारे बरेच जण सिंथेसिसला मात्र नाकं मुरडतात, त्यांना एकदा निवांत विचारायचंय.

मे २०२१ च्या लेजेंडरी एडिशनपासून (तिन्ही भागांचा नव्याने काढलेला संच) नवीन लोक तिन्ही भाग सलग खेळतात आणि चार्ट उघडून बसतात, त्यामुळे हल्ली उत्तर असं येतं की उडव, दोन पॉइंट मिळतात. थेट तिसऱ्या भागापासून सुरू करणाऱ्यांना तर हा वाद कळतच नाही, कारण सेव्ह इम्पोर्ट नसेल तर त्यांच्याकडे लिजन येतच नाही, त्याच्या जागी एक व्हीआय (साधा बोलका प्रोग्रॅम) असतो आणि समेटाचा पर्यायच मिळत नाही, गेथ किंवा क्वेरियन यातलं एकच वाचतं.